वीरगळांशेजारी माहितीफलक : अर्ज, आचारसंहिता आणि शंभर शब्दांचा मजकूर

आमच्या गावाच्या वेशीवर, तालुक्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, सात वीरगळ (वीरांचे स्मारकदगड) आणि एक सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीचा स्मारकदगड) आहे. त्यांची ओळख सांगणारा माहितीफलक २०२५ च्या फेब्रुवारीअखेर तेथे बसला. सुरुवातीला हे काम दोन-तीन महिन्यांत उरकेल असे वाटत होते. प्रत्यक्षात पावणेदोन वर्षे लागली. त्यातला मोठा काळ दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात गेला. फलकावर नेमके काय लिहायचे, हा पहिला. आणि उभारल्यानंतर तो फलक कोणाच्या मालकीचा व कोणाच्या जबाबदारीचा, हा दुसरा. असे काम हाती घेणाऱ्यांना पुढे काय काय लागते याचा अंदाज यावा, म्हणून सारा क्रम लिहून ठेवत आहे. गावाचे आणि कार्यालयांचे नाव दिलेले नाही, कारण महाराष्ट्रात प्रक्रिया थोड्याफार फरकाने सगळीकडे अशीच आहे आणि ज्यांच्याशी संबंध आला त्यांना विनाकारण चर्चेत ओढण्याची इच्छा नाही.

मे २०२३ मध्ये रस्त्याच्या कडेने लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या गेल्या आणि रुंदीकरण होणार असल्याची चर्चा गावात सुरू झाली. त्याआधी गटाराचे खोदकाम करताना यंत्राने एक वीरगळ हलवून आडवा टाकलेला होताच. काम करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण त्या दगडांचे महत्त्व सांगणारे तिथे काहीही नव्हते. वीरगळ म्हणजे लढताना मरण आलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेला दगड. त्यावर एकावर एक चौकटी असतात आणि त्या खालून वर वाचत जायच्या : तळाशी पडलेला वीर किंवा लढाई, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. आमच्याकडच्या एका दगडाच्या तळाशी गाई कोरलेल्या आहेत, म्हणजे तो माणूस गुरे पळवणाऱ्यांशी लढताना पडला असावा. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वळलेला हात आहे. गावात मात्र या सगळ्यांना ‘पांडवांचे दगड’ म्हणत.

अर्ज लिहिण्याच्या आधी आम्ही दगडांची नोंद केली, आणि हा क्रम मी प्रत्येकाला सुचवीन. प्रत्येक दगडाचे चारही बाजूंनी छायाचित्र, शेजारी मोजपट्टी धरून; उंची, रुंदी, जाडी; तोंड कोणत्या दिशेला; रस्त्याच्या मध्यापासूनचे अंतर; आणि मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उन्हे तिरपी असताना झिजलेले कोरीवकाम स्पष्ट दिसते, दुपारच्या उन्हात काहीच उठून दिसत नाही. पुढे प्रत्येक कार्यालयात हीच नोंद जोडपत्र म्हणून उपयोगी पडली. खडूने रेषा गिरवून छायाचित्र काढण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो टाळावा.

जूनमध्ये जमिनीचा प्रश्न आला. दगड कोणाच्या हद्दीत आहेत हे ठरल्याशिवाय परवानगी मागायची कोणाकडे, हेच ठरत नाही. शेजारच्या शेताचा सातबारा आणि गाव नकाशा काढल्यावर दगड शेताबाहेर, रस्त्याच्या हद्दीत आहेत हे दिसले. मग रस्ता कोणाचा? आपल्याकडे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. आमचा रस्ता पूर्वी इतर जिल्हा मार्ग होता आणि नंतर त्याची दर्जोन्नती झाली होती, पण ही बाब एका टेबलावर माहीत होती आणि दुसऱ्यावर नव्हती. दोन्हीकडून ‘तो रस्ता आमच्याकडे नाही’ असे तोंडी उत्तर मिळाल्यावर माहिती अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्रात या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय चालतो. मी एवढेच विचारले : या रस्त्याचा सध्याचा दर्जा काय आणि देखभाल कोणत्या कार्यालयाकडे? तीस दिवसांची मुदत संपण्याच्या आत एका पानाचे उत्तर आले, आणि पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात ते पान पहिले जोडपत्र झाले. तोंडी चौकशीत आठवडे घालवण्यापेक्षा हा दहा रुपयांचा मार्ग बरा. त्यात कोणाला दुखावण्याचाही हेतू दिसत नाही, फक्त प्रश्न नेमका हवा.

दरम्यान १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडला. ग्रामसभेला गणपूर्तीसाठी गावच्या एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. झेंडावंदनाला गर्दी होती, ग्रामसभेला ती उरली नाही, आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे महिनाअखेरीच्या सभेत ठराव झाला. ठरावाची भाषा आम्ही ग्रामसेवकांबरोबर बसून आधीच लिहून नेली होती. ‘फलक लावण्यास मंजुरी’ एवढेच लिहिले असते, तर पुढे अडले असते. फलक ग्रामपंचायतीच्या नावे उभारला जाईल, त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या मालमत्तेत होईल, देखभाल ग्रामपंचायत करील, आणि मूळ दगड कोणीही हलवणार वा रंगवणार नाही, अशी चार वाक्ये त्यात घालून घेतली. सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांक असलेल्या प्रमाणित प्रती एकदमच पाच-सहा काढून ठेवाव्यात.

सप्टेंबरमध्ये राज्य पुरातत्त्व खात्याच्या विभागीय कार्यालयाला पत्र पाठवले. आमचे वीरगळ ना केंद्राच्या संरक्षित यादीत होते, ना राज्याच्या. १९६० च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली एखादे स्मारक संरक्षित व्हायचे तर प्राथमिक अधिसूचना, हरकती आणि अंतिम अधिसूचना अशी लांबची वाट असते. ती आम्ही या टप्प्यावर धरली नाही. पत्रात फक्त पाहणी आणि मार्गदर्शन मागितले. डिसेंबरात खात्याचे अधिकारी येऊन गेले, त्यांनी प्रत्येक दगडाशी बराच वेळ घालवला, आणि जानेवारी २०२४ मध्ये लेखी उत्तर आले. दगड यादवकाळाच्या आसपासच्या घडणीचे दिसतात. ते जागेवरच ठेवावेत. सिमेंट, ऑइल पेंट, वायर ब्रश आणि ॲसिड यांचा वापर करू नये. चौथऱ्याचा पाया दगडांपासून दूर घ्यावा. आडवा पडलेला वीरगळ उभा करायचा असल्यास आधी व नंतर छायाचित्रे काढून खात्याच्या सूचनेनुसार करावा. या पत्राची किंमत मला नंतर कळली. अमुक एक गोष्ट का करायची नाही, हे गावातल्या उत्साही मंडळींना आपण सांगणे वेगळे आणि खात्याचे पत्र दाखवणे वेगळे.

पाहणीच्या दिवशीच एक जुनी गाठ समोर आली. अमावास्येला त्या दगडांना तेल आणि शेंदूर लावण्याची पद्धत आहे आणि ती मुख्यतः वेशीजवळच्या घरांतील बाया पाळतात. त्यांतल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारले, “ताई, फलक लागल्यावर आम्ही तेल घालायचं का नाही? सरकारचं झालं म्हणजे आमचं गेलं, असं नको व्हायला.” प्रश्न रास्त होता. इतकी शतके हे दगड कोणी पायरीला वा बांधाला लावले नाहीत, यामागे ही पूजाच आहे; आणि तेलाशेंदराच्या थरांनी कोरीवकाम बुजते, हेही तितकेच खरे. दोन-तीन वेळा बोलणे झाल्यावर असे ठरले की दगडांच्या पुढ्यात एक सपाट शिळा ठेवायची आणि तेल, शेंदूर, नारळ सगळे तिच्यावर वाहायचे. जुने थर खरवडायचे नाहीत, ते काम प्रशिक्षित माणसांचे. ही तडजोड आजवर बहुतेक पाळली जाते.

आता मजकूर. या एका गोष्टीला आम्ही सर्वांत कमी वेळ धरला होता आणि तिनेच डिसेंबर ते फेब्रुवारी खाल्ले. तरुण मंडळींना फलकावर ‘शिवकालीन वीरांच्या समाधी’ हवे होते. एका भावकीला आपल्या मूळपुरुषाचे नाव हवे होते आणि त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली कथाही होती. वास्तविक आमच्या एकाही दगडावर लेख नाही. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरचा आमच्या जिल्ह्याचा खंड १८८० च्या दशकातला, तो शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. त्यात गावाचा उल्लेख आहे, दगडांचा नाही. वेशीवरच्या बैठकीत तात्या म्हणून आमच्याकडचे वडीलधारे गृहस्थ आहेत, त्यांनी सरळ विचारले, “नाव नाही, साल नाही, मग एवढ्या मोठ्या फलकावर लिहिणार तरी काय?”

मी तेव्हा आक्षीचे उदाहरण दिले. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या आक्षी गावातला शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. तो शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा, असे एक वाचन आहे आणि काही अभ्यासक तो त्याहून बराच नंतरचा मानतात. जिथे दगडावर अक्षरे आहेत तिथेही काळाबद्दल मतभेद राहतो, तर जिथे एकही अक्षर नाही तिथे आपण शतक आणि नाव ठोकून देणे योग्य नव्हे. उलट जे दिसते ते सांगण्यासारखे भरपूर आहे. बोरिवलीच्या एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे; वाई तालुक्यातल्या किकलीला मंदिराच्या परिसरात वीरगळांची रांगच्या रांग आहे. आपल्याकडे गाईंचा दगड आहे, तर वाटसरूला त्या गाई दाखवाव्यात. हे पटायला तीन बैठका गेल्या असतील. सगळ्यांना पटले असेही नाही.

शेवटी मान्य झालेला मजकूर शंभर शब्दांच्या आसपासचा आहे. हे दगड कशासाठी उभारले जात, चौकटी कोणत्या क्रमाने पाहायच्या, गाई कोणत्या दगडावर आहेत, सतीशिळा कोणती, एवढे पहिल्या भागात. त्यानंतर हे वाक्य : “या दगडांवर लेख नसल्यामुळे वीरांची नावे व नेमका काळ सांगता येत नाही, घडणीवरून ते यादवकाळाच्या सुमाराचे असावेत.” आणि अखेरीस : “गावात हे पांडवांचे दगड म्हणून ओळखले जातात व अमावास्येला त्यांची पूजा होते.” लोककथा फलकावरून वगळायची नाही, पण तिला इतिहासाच्या वाक्यात मिसळायचेही नाही, असा तो मार्ग होता. भावकीची कथा आम्ही स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करून शाळेत ठेवली आहे, आणि खरे सांगायचे तर ती कथा ऐकण्यासारखी आहे.

मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात रस्त्याच्या कार्यालयात अर्ज दिला : ग्रामसभेचा ठराव, पुरातत्त्व खात्याचे पत्र, छायाचित्रे, मजकुराचा मसुदा आणि हाताने काढलेला नकाशा. आवक शिक्का मारलेली पोच घेतली. १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि नवीन कामाच्या फाइली थांबल्या. फलकासारख्या कामाला ती लागू होते की नाही यावर वाद घालता आला असता, पण निवडणुकीच्या कामाला जुंपलेल्या कचेरीत तो घालण्यात हशील नव्हते. जूनमध्ये आचारसंहिता उठली तोवर बदल्या झाल्या होत्या आणि आमची फाइल ज्यांना ठाऊक होती ते गृहस्थ दुसऱ्या तालुक्यात गेले होते. नव्या अधिकाऱ्यांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. हा काळ सर्वांत कंटाळवाणा होता. आमच्यातले काही जण गळालेही. अशा वेळी एक साधी युक्ती उपयोगी पडते : अर्जाची, सर्व जोडपत्रांची आणि पोचेची एक प्रत पिशवीत कायम बाळगावी आणि ‘फाइल सापडत नाही’ असे कानावर पडताच ती पुढे करावी.

ऑगस्टमध्ये त्रुटींचे पत्र आले आणि मला त्याचा आनंद झाला, कारण त्रुटी काढल्या याचा अर्थ कोणीतरी फाइल वाचली. जागेचा साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर, हवा होता. रस्त्याच्या मध्यरेषेपासून चौथऱ्याचे अंतर दाखवणारा मोजमापाचा नकाशा हवा होता. वळणावर वाहनचालकाच्या दृष्टीस अडथळा येणार नाही याचा खुलासा हवा होता. आणि हमीपत्र हवे होते. भविष्यात रस्त्यासाठी जागा लागल्यास ग्रामपंचायत स्वखर्चाने फलक काढून घेईल व भरपाई मागणार नाही, असे ते हमीपत्र. हे वाचून काही जण बिचकले. आम्ही त्यात ‘फलक व चौथरा’ असे शब्द काटेकोरपणे घातले, जेणेकरून ही हमी वीरगळांना लागू होऊ नये. अशा कागदावर सही करण्याआधी नेमके काय काढून घेण्याचे आपण कबूल करत आहोत, ते शब्दशः पाहावे. नकाशा शाखा अभियंत्यांनीच जागेवर येऊन टेप धरून करून दिला. हमीपत्र मात्र सरपंचांच्या सहीसाठी रेंगाळले आणि तेवढ्यात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, किमान मुद्रांक शुल्क वाढल्यामुळे शंभर-दोनशेऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक घ्यावा लागला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. २३ नोव्हेंबरला निकाल लागले आणि डिसेंबरच्या मध्यावर परवानगीचे पत्र हाती पडले.

पैशांचे काम वाटले होते त्यापेक्षा सोपे झाले. लोखंडी चौकटीवर फ्लेक्सचा फलक पाच-सहा हजारांत होत होता, पण तो दोन पावसाळ्यांत फिका पडतो आणि फाटतो. धातूचा पत्रा चोरीला जाण्याची भीती. म्हणून काळा ग्रॅनाइट आणि त्यावर कोरलेली अक्षरे, असा निर्णय झाला. ग्रॅनाइट व कोरीवकामाला सुमारे १४ हजार, घडीव दगडाच्या उतरत्या चौथऱ्याला सुमारे १७ हजार, वाहतूक, नकाशे, मुद्रांक आणि छायाप्रती मिळून पाचेक हजार. एकूण ३६ हजारांच्या घरात खर्च आला. वर्गणी ग्रामपंचायतीच्या पावतीवरच घेतली. एका पुढाऱ्याकडून सगळा खर्च देण्याचा निरोप आला होता, परंतु त्या बदल्यात नाव आणि उद्घाटनाची तारीख कोरावी लागली असती, आणि मग वीरांसाठी उरलेली जागा पाहता शंभर शब्दही मावले नसते. फलकावर कोणाही देणगीदाराचे नाव नाही. वर्गणीदारांची यादी ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर महिनाभर लावली.

कोरणाऱ्याकडे मजकूर देताना एक काळजी अवश्य घ्यावी. त्यांच्या संगणकावरचे फॉन्ट पुष्कळदा जुन्या पद्धतीचे असतात आणि युनिकोडमधला मजकूर त्यात नेला की जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. म्हणून कोरण्याआधी खऱ्या आकाराचा छापील नमुना कागदावर मागवला आणि चार जणांनी तो स्वतंत्रपणे वाचला. ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका तिथेच पकडल्या गेल्या. तोच कागद चौथऱ्याच्या जागी धरून उभ्याने वाचून पाहिला, तेव्हा अक्षरे आणखी मोठी हवीत हे लक्षात आले. गुळगुळीत ग्रॅनाइटवर ऊन चमकते, त्यामुळे फलकाचे तोंड उत्तरेकडे ठेवले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चौथरा बांधला. पाया दगडांपासून साडेतीन मीटरवर आणि गुडघ्याहून कमी खोल घेतला. आडवा वीरगळ खात्याच्या पत्रानुसार, सिमेंट न वापरता, भोवती माती आणि मुरूम ठासून उभा केला. त्याला यंत्र लावले नाही, बल्ल्या आणि दोर यांवर गावातल्या माणसांनीच तो पेलला. मग मार्चमध्ये फलकाची नोंद ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत करून घेतली आणि तिचा उतारा रस्त्याच्या कार्यालयाला व पुरातत्त्व खात्याला पाठवला. हे शेवटचे पत्र बहुतेक जण पाठवत नाहीत असे ऐकले. पण पुढच्या अधिकाऱ्याला त्या जागी काय आहे ते फाइलीतूनच कळणार असते.

ज्यांच्या गावातले दगड केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या जवळ असतील, त्यांना आमची वाट जशीच्या तशी चालणार नाही. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र असते, आणि तिथे चौथऱ्यासारख्या बांधकामाचा विचार करण्याआधीच राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचे नियम पाहावे लागतात. राष्ट्रीय महामार्ग असेल तर परवानगीचे कार्यालयही बदलते.

रुंदीकरण अजून व्हायचे आहे. त्याच्या सुधारित नकाशात आता आमच्या साखळी क्रमांकावर ‘वीरगळ’ अशी नोंद आली आहे आणि गटाराची रेषा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला घेतली आहे. खुंट्या मात्र जुन्याच जागी ठोकलेल्या आहेत, तेव्हा काम सुरू होण्याआधी त्या नव्या नकाशाप्रमाणे पुन्हा मोजून घ्याव्यात, असा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात दिला असून त्याची पोच घेतली आहे.